मुलाकडचे

१

शिवहारचा धंदा त्याच्या आईला कधीच समजला नाही, आणि खरं सांगायचं तर त्यात तिची काही चूक नव्हती. वारंगा फाट्यावर अजीजचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान होतं. त्या दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात, बिघडलेल्या प्रिंटरच्या शेजारी टेबल टाकून शिवहार बसायचा आणि इंटरनेटवरची नावं विकत घ्यायचा. लोक हौसेनं वेबसाइट काढतात. मंगल कार्यालयवाले, क्लासवाले, हळदीचे व्यापारी. वर्ष-दोन वर्षं ती चालते, मग नावाचं भाडं भरायचं राहून जातं आणि नाव मोकळं पडतं. असं मोकळं नाव शिवहार उचलायचा, त्यावर 'हे नाव विक्रीला आहे' एवढं एकच पान टाकायचा आणि गिऱ्हाइकाची वाट बघत बसायचा.

"रिकाम्या घराच्या पाट्या इकतंय माझं लेकरू," सत्यभामाबाई शेजारणीला सांगायच्या. शेजारीण मान डोलवायची. पुढे काय विचारावं हे तिलाही सुचत नसे.

एकदाच एक नाव बऱ्यापैकी विकलं गेलं होतं. वसमतच्या एका हळदवाल्याला ते पाहिजेच होतं. त्या एका सौद्यावर शिवहारची सगळी उमेद टिकून होती. बाकी नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. सकाळी दुकानात यायचं, मोकळी पडलेली नावं चाळायची, डोळे चुरचुरले की बाहेर येऊन ट्रक बघायचे, परत आत जायचं. वडील गेल्यावर शेळ्या विकून आणलेला कॉम्प्युटर आता तापला की धापा टाकायचा. शिवहारचंही तसंच झालं होतं. चौतिशीतच त्याला सकाळी उठल्या उठल्या दमल्यासारखं वाटायचं.

नाव हातात आलं की तो पहिल्यांदा एक काम करून ठेवायचा. त्या नावाच्या पत्त्यावर कुणीही, कसलाही मेल पाठवला तरी तो आपल्याच इनबॉक्समध्ये येऊन पडेल, अशी सोय. दुसऱ्याची पत्रं वाचायची त्याला खाज नव्हती. पण येणाऱ्या मेलवरून कळतं, की या नावाला अजून कुणी विचारतंय का. विचारणारे असले की नावाला भाव.

'सोयरीकघर' हे नाव त्यानं असंच उचललं. हिंगोलीकडचं एक बंद पडलेलं वधू-वर केंद्र होतं ते. लग्नाचं नाव कधी पडून राहत नाही, आज ना उद्या कुणीतरी घेईल, असा त्याचा हिशेब.

२

मेलेल्या नावाच्या इनबॉक्समध्ये पहिल्या दिवसापासून कचरा येतो. कर्ज घ्या, लॉटरी लागली, केसगळती थांबवा. सोयरीकघरच्या इनबॉक्समध्ये काहीच आलं नाही. जाहिरातसुद्धा नाही. शिवहारला वाटलं, सोय करताना आपलंच काही चुकलं. त्यानं अजीजला त्याच्या फोनवरून मेल पाठवायला लावला. तो बराबर आला.

"चालू हाय की रे," अजीज म्हणाला. "तुझ्या नावाला कोनी कुत्रं इचारंना, ते बोल."

मग एका दुपारी एक मेल आला. मराठीत, जुन्या माणसानं पोस्टकार्ड लिहावं तसा.

'स. न. वि. वि. आपल्याकडील मुलीची माहिती मिळाली. शिक्षण बी.एड., रंग सावळा, उजव्या भुवईत लहानपणी पडल्याची खूण. आम्हांस असेच स्थळ पाहिजे होते. मुलीला बसून राहायची सवय आहे ना, एवढे कळवावे. आपले, मुलाकडचे.'

शिवहारनं तो वाचला, आणि मान वळवून अजीजकडे बघितलं. दीपमाला, त्याची धाकटी बहीण, बी.एड. होती. ओट्यावरून पडून भुवई फुटली तेव्हा तिला उचलून डॉक्टरकडे नेणारा शिवहारच होता.

"हे तू केलंस?"

अजीजनं चष्मा वर करून वाचलं. "अल्ला कसम न्हाई. बहिणीवरून मजाक करतो का मी?"

ते खरं होतं. अजीज फटकळ होता, पण असला नव्हता. शिवहारनं मेल कुठून आलाय ते बघितलं. पाठवणाऱ्याचा पत्ता सोयरीकघरचाच होता. पण सोयरीकघर आता शिवहारचं होतं, आणि त्यानं त्यावर कुणालाही पत्ता दिलेला नव्हता.

त्याला फार काही वाटलं नाही, कारण त्याला धंदा ठाऊक होता. पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा लावता येतो, दहावीतलं पोरगंही लावील. त्यानं उत्तर लिहिलं, 'आपण कोण?' आणि पाठवून दिलं. ते उत्तर सोयरीकघरच्या पत्त्यावर जाणार, म्हणजे फिरून त्याच्याच इनबॉक्समध्ये येऊन पडणार. स्वतःच्याच घराच्या फटीतून चिठ्ठी आत टाकावी, तसं.

ते आलं नाही. त्यानं वाट बघितली. अजीजच्या फोनवरून त्याच पत्त्यावर मेल पाठवला, तो लगेच आला. शिवहारचं उत्तर तेवढं कुणीतरी उचलून घेतलं होतं.

संध्याकाळी दुकान बंद करायच्या आधी दुसरा मेल आला.

'सोयऱ्यांनी सोयऱ्यांना कोण म्हणून विचारू नये. मुलगी बघायला कधी यावे?'

३

घरी जेवताना त्यानं सहज विचारल्यासारखं केलं. "आई, दीपीचा बायोडाटा कुठं कुठं दिलता गं?"

"कुठं न्हाई दिला ते इचार," सत्यभामाबाई म्हणाल्या. "हिंगोलीला मेळावा भरला व्हता, तितं दिला. त्या सोयरीकघरवाल्याला दिला. त्यो बापू मोठा गोड बोलायचा. फोटू घेतला, भुवईची खूणबी लिहून घेतली. म्हणला, मागून झिगझिग नको."

शिवहारच्या छातीवरचं ओझं उतरलं. म्हणजे माहिती खरीच तिथं होती. जुन्या मालकाच्या कागदांतून ती कुणाच्या तरी हाती पडली असणार. स्थळही खरं असेल. मेलचं काय, त्यात हजार भानगडी असतात. असं त्यानं स्वतःला समजावलं, आणि समजावणं फार जड गेलं नाही, कारण त्याला ते पटवून घ्यायचंच होतं.

दीपमाला समोर बसून भाकरी मोडत होती. तिला किती जण बघून गेले, हे घरात कुणी बोलत नसे. आलेल्यांनी तिला चालून दाखवायला लावलं होतं, सुईत दोरा ओवायला लावला होता, एका म्हाताऱ्यानं तर तिच्याकडून मोबाइलवरची बातमी मोठ्यानं वाचून घेतली होती, डोळे ठीक आहेत का बघायला. आणि सगळे जाताना एकच शब्द ठेवून गेले होते. कळवतो. आपल्याकडे 'कळवतो' म्हणजे नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण तोंडावर नाही म्हणायचं नाही, अशी रीत. मग त्या एका शब्दावर घर महिना-महिना फोनकडे बघत बसायचं. बहिणीचं झाल्याशिवाय आपलं नाही, असं शिवहारनं कधी तरी ठरवलं होतं, आणि आता तोही त्याच रांगेत म्हातारा होऊन राहिला होता.

"काहून इचारलंस?" दीपमालानं विचारलं.

"एक जागा आलीय. सोयरीकघरकडून."

ते नाव आपणच विकत घेतलंय, हे तो बोलला नाही. बोलला असता तर पुढचं काही घडलं नसतं, असं त्याला नंतर फार वाटायचं. पण आईनं तेवढ्यात हात जोडून छताकडे बघितलं होतं, आणि ते बघितल्यावर त्याच्या तोंडून शब्द निघेना.

"येऊ द्या की," दीपमाला म्हणाली. "बसायचंच तर हाय."

दुसऱ्या दिवशी तो मेल उघडून बसला. अनोळखी माणसाला 'कळवतो' लिहून टाकावं आणि मोकळं व्हावं, हे शहाणपणाचं होतं. पण त्या शब्दानं त्याच्या घराचे किती महिने खाल्ले होते. तो स्वतःच्या हातानं दुसऱ्या कुणाला लिहायला त्याचा जीव होईना. त्यानं लिहिलं, 'या.'

४

पाहुण्यांना फाट्यावरून घेऊन यायचं, ही रीत. म्हणून शिवहार दुपारी धुतलेला सदरा घालून वारंगा फाट्यावर उभा राहिला. नांदेडकडून येणारी प्रत्येक एसटी थांबली की तो पुढं व्हायचा. उतरणारे उतरायचे, उसाचा रस प्यायचे, पांगायचे. पाहुणे वाटावेत असे कुणी उतरले नाहीत. अजीजनं दुकानातून दोनदा चहा पाठवला. ऊन कलंडलं तेव्हा शिवहारनं गाडीला किक मारली. घर फाट्यापासून जवळच होतं, पण त्या दिवशी त्याला ते लांब वाटलं. आता आईच्या तोंडाकडं कसं बघायचं, याचाच घोर होता.

सत्यभामाबाई ओट्यावर बसून पोह्याच्या ताटल्या घासत होत्या. ताटल्या खरकट्या होत्या.

"कुठं गेलतास रं? पाव्हणे बसून गेले की," त्या म्हणाल्या. चेहऱ्यावर इतकं तेज त्यानं वडील गेल्यापासून बघितलं नव्हतं.

"कोण पाव्हणे? म्या फाट्यावर उभा हाय मघाधरनं!"

"मग तू चुकलास. आतल्या रस्त्यानं आले असतील. बसले, खाल्लं, गेले. चांगली माणसं हाईत."

"बघितलंस तू?"

सत्यभामाबाईंनी हातातली ताटली खाली ठेवली. नव्या सोयऱ्यांपुढं त्या डोक्यावरचा पदर खाली ओढून, मान खाली घालून जायच्या. पाणी ठेवायचं, पोहे ठेवायचे आणि मागं वळायचं. वर बघायचं नाही. "म्या काय तोंडं बघत बसू व्हय? पाय बघितले. सगळ्यांचे पाय निर्मळ. धुळीचा कण न्हवता." मग स्वतःशीच हसल्या. "चपला मात्र कुठं काढल्या व्हत्या कोन जाणे. दारात एकबी न्हवती."

चैत्रातल्या त्या रस्त्यानं चालत येऊन पायाला धूळ नाही, हे शिवहारच्या मनात रुतून बसलं. गाडी असेल, तो म्हणाला. चारचाकीनं आले असतील, चपला गाडीतच काढल्या असतील. कारण सापडलं की माणूस गप्प बसतो, तसा तो बसला.

बाहेरच्या खोलीत दीपमाला अजून सतरंजीवर होती. साडी तशीच, हात मांडीत. खोलीत गारवा होता. पंखा बंद होता.

"काय इचारलं?" शिवहारनं दारातून विचारलं.

"काहीच न्हाई, दादा." ती भिंतीकडं बघत होती. "नाव न्हाई इचारलं, का चालून दाखव म्हणले न्हाईत. नुसते बसले. म्याबी बसले. लई दिवसांनी बरं वाटलं मला."

"पोरगा कसा हाय?"

तिनं विचार केला. "कोणता ते सांगता यायचं न्हाई. सगळे सारखेच बसलेले व्हते."

५

दुसऱ्या दिवशी मेल आला. 'मुलगी पसंत आहे. आमच्यात बसवून पाहिली, जागा बराबर आहे. आता शब्द द्यावा. आपले, मुलाकडचे.'

शिवहारनं तो अजीजला दाखवला, आणि मग पहिल्यापासून सगळं सांगून टाकलं. गिऱ्हाईक आधार कार्डाची झेरॉक्स मागत उभं होतं, त्याला अजीजनं हातानंच थांबवलं.

"गाव कोनतं लिहिलंय?"

"गाव न्हाई. नाव न्हाई."

"शिवा, ज्याचं गाव न्हाई त्याला लेक देत नसतेत. हे तुला मी सांगायला पायजे का?"

तेव्हा शिवहारनं तो शब्द लिहिला. कळवतो. लिहिताना बोटं जड झाली, पण लिहिला. तो मेलही फिरून त्याच्याकडं आला नाही.

मग मेल यायला लागले. मुलाची आई. मुलाचे काका. मुलाची आत्या. मुलाचा मोठा भाऊ, मुलाचे मामा, मामी, आजोबा. सगळे पत्ते सोयरीकघरचे, सगळ्यांची भाषा नरम, आणि सगळ्यांच्या शेवटी एकच शब्द, कळवा. कुणी रागावलेलं नव्हतं. उलट त्या मेलांमध्ये एक थकवा होता, आणि शिवहारला तो ओळखीचा वाटायचा. मुलाच्या आत्यानं लिहिलं होतं, 'आम्ही फार दिवसांचे बसलो आहोत. तुम्हाला काय सांगायचे, तुम्ही त्यातलेच.' ते वाचून त्याला रडू आलं. कशासाठी आलं हे त्याला सांगता आलं नसतं.

घरी दीपमाला सगळा वेळ बाहेरच्या खोलीत बसायला लागली. तिच्याकडं शिकवणीला येणारी पोरं दारातून परत जायची. जेवायला हाक मारली की यायची, मुकाट जेवायची, परत जाऊन भिंतीला टेकायची. "लेकीला सासरची ओढ लागली," सत्यभामाबाई म्हणायच्या, आणि त्यांना त्यात काही वावगं दिसत नव्हतं. शिवहार मात्र आता घरात शिरायच्या आधी ओट्यावर थांबून राहायचा. बहीण हातची चालली आहे, आणि तिला नेतंय कोण ते माहीत नाही, एवढं त्याला लख्ख कळत होतं.

"ते नाव इकून टाक," अजीज म्हणाला. "मुद्दा त्या नावाचा हाय. नाव गेलं की तकलीफ गेली."

शिवहारला ते पटलं. धंद्यातलाच उपाय होता. त्यानं विक्रीच्या साइटवर सोयरीकघर टाकलं, मातीमोल भावानं. नावं तिथं महिनोन्‌महिने पडून असतात. हे नाव अजीज पान खाऊन येईपर्यंत गेलं. घेणाऱ्यानं आपलं नाव झाकून ठेवलं होतं, आणि त्यातही नवल नाही, पुष्कळ जण झाकतात. त्यानं एवढंच विचारलं होतं, 'सगळ्यासकट देणार ना?'

हेही नेहमीचंच. कुणाला नुसतं नाव हवं असतं, कुणाला त्यातली जुनी पानं, मेल, जे काय आहे ते सगळं. कटकट मिटावी म्हणून विकणारा सगळंच देऊन टाकतो. शिवहारनं घाईघाईनं लिहिलं, 'सगळ्यासकट दिलं.' पैसे जमा झाल्याचा मेसेज वाजला. नाव त्याच्या यादीतून गेलं. इनबॉक्स बंद झाला.

कित्येक दिवसांनी त्याला भूक लागली. अजीजनं भजी मागवली, दोघं बाकड्यावर बसून खायला लागले. अजीज म्हणाला, "चल, बला टळली. इंग्रजीत बोलला का गिऱ्हाईक? मुंबईचा असंल."

शिवहारचा हात तोंडापाशी थांबला. त्या साइटवर सगळा व्यवहार इंग्रजीत चालायचा. इतक्या वर्षांत कुणी मराठीत एक ओळ लिहिली नव्हती. या गिऱ्हाइकानं मराठीत विचारलं होतं, आणि त्यानंही मराठीतच उत्तर दिलं होतं, ध्यानातही न येता.

त्यानं गाडीची किल्ली उचलली.

६

सत्यभामाबाई ओट्यावर उभ्या होत्या. पदर पार हनुवटीपर्यंत ओढलेला. पदराच्या आतून त्या हसत होत्या की रडत होत्या, ते कळत नव्हतं. बहुतेक दोन्ही.

"शब्द दिलास म्हणं," त्या म्हणाल्या. "लई मोठं काम केलंस, लेकरा. आत जाऊ नगंस आत्ता. अक्षदा पडू राहिल्यात."

आतून काही आवाज नव्हता. मंगलाष्टक नाही की बोलणं नाही. बाहेरच्या खोलीचं दार आतून लावलेलं होतं. शिवहारनं हाका मारल्या, दारावर थापा मारल्या. मग तो बाजूच्या खिडकीकडं धावला. खिडकीची एक फळी लहानपणापासून नीट लागत नसे. त्या फटीला त्यानं डोळा लावला.

खोली तीच होती. तीच सतरंजी, तेच कॅलेंडर. भिंतीला टेकून माणसं बसली होती. मुलगी बघायला जाताना माणसं घालतात तसे कपडे, परीटघडीचे, बायकांच्या काठापदराच्या साड्या, म्हाताऱ्यांच्या टोप्या. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. कुणी कुणाकडं बघत नव्हतं. दवाखान्यात नंबर लावून बसलेली माणसं पार दमल्यावर दिसतात, तशी ती दिसत होती. आणि खोली होती तेवढीच असूनही शिवहारला त्या रांगेचं टोक काही दिसेना. भिंत कोपऱ्यापर्यंत जायची आणि रांग कोपऱ्याच्या पुढं जायची.

त्यांच्यात दीपमाला होती. शेजारच्या बाईच्या खांद्यावर तिनं डोकं टेकलं होतं, डोळे मिटले होते. इतका निवांत चेहरा तिचा त्यानं कधी बघितला नव्हता, ती लहान असतानासुद्धा. पाय पुढं पसरलेले. पायांच्या बोटांत जोडवी होती.

"दीपे!" तो ओरडला.

तिनं डोळे उघडले नाहीत. तिच्या पलीकडं बसलेल्या माणसानं मात्र, मान वर न करता, जरासं सरकून घेतलं. दोघांच्या मधे एका माणसापुरती जागा झाली.

शिवहारनं दार खांद्यानं तोडलं. आत सतरंजी होती, कॅलेंडर होतं, पंखा बंद होता. अजीज मागून धापा टाकत आला तेव्हा शिवहार भिंतीवर हात फिरवत उभा होता.

७

विहिरी बघून झाल्या. कळमनुरीचा स्टँड, वसमतचा स्टँड, नांदेडचं रेल्वे स्टेशन, सगळीकडं फोटो दाखवून झाला. पोलीस घरी आले. सत्यभामाबाईंनी त्यांना साखर दिली. "लेक सासरी गेली, सायेब. माझ्या देखत अक्षदा पडल्या. हे पोरगं भावाच्या मायेनं येडं झालंय." मुलगी सज्ञान, आई लग्न झालं म्हणतेय. जमादारानं शिवहारच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो निघून गेला.

शिवहारनं नावांचा धंदा सोडला. जी उरली होती ती मोकळी पडू दिली, कुणी उचलायची ती उचलू देत. अजीजच्या दुकानात तो फॉर्म भरायला लागला. हात चालायचे. रात्री घरी यायचा तेव्हा बाहेरच्या खोलीला कुलूप असायचं, तोडलेलं दार परत बसवून ते त्यानंच घातलं होतं. कधी कधी तो त्या दाराला पाठ लावून जेवायचा. तिला मीच दिलं, हे त्याला ताटावर बसलं की आठवायचं. आई काही म्हणायची नाही. लेक सुखात आहे असं ती धरून चालली होती, आणि तिचं ते धरणं मोडायची शिवहारला हिंमत नव्हती.

आषाढ सरत आला तसं आईचं सुरू झालं. "पंचमी आली. पहिला सण. मुराळी धाडायला पायजे." लग्न झालेल्या लेकीला सणाला माहेरी आणायला जो जातो, तो मुराळी. तो मान भावाचा. "गावातल्या साऱ्या लेकी येतील. माझीच काहून येऊ नये? तू कधी जातूस?"

"कुठं जाऊ आई? गाव सांग."

"सोयऱ्यांना इचार. माणसं काय हरवतेत व्हय?"

त्याच दिवशी त्याच्या स्वतःच्या इनबॉक्सला मेल आला. हा पत्ता त्यानं धंद्यात कधी वापरला नव्हता. 'सण जवळ आला. सूनबाई वाट बघते. मुराळी धाडावा. फाट्यावर उभे राहावे, आम्ही घेऊन जाऊ. आपले, मुलाकडचे.'

शिवहारनं तो वाचला आणि त्याला भीती वाटली, हे खरं. पण भीतीच्या बरोबरीनं दुसरंही काही वाटलं, आणि ते त्यानं अजीजला कधी सांगितलं नसतं. कुणीतरी आपल्याला ये म्हणतंय, याचं त्याला बरं वाटलं. आणि ती वाट बघते, एवढं खोटं असेल असं त्याला वाटेना. त्यानं लिहिलं, 'येतो.'

सत्यभामाबाईंनी पिशवीत साडी, खण, हिरव्या बांगड्या आणि पोळ्या भरल्या. बांगड्या फुटू नयेत म्हणून त्या जुन्या लुगड्यात गुंडाळल्या.

दुपारी तो फाट्यावर येऊन बाकड्यावर बसला. अजीज दुकानातून उतरून आला. पिशवी बघितली, सदरा बघितला आणि त्याचा चेहरा पडला.

"शिवा, नको. मी हात जोडतो."

"म्या दिलं तिला, अजीजभाई. आणायबी मलाच जावं लागंल. दुसरं कोन जाईल?"

"आन ती न्हाई आली तर?"

शिवहारनं पिशवी मांडीवर घेतली. बांगड्यांच्या जागी हात ठेवला, धक्का लागू नये म्हणून.

"मग थांबीन की दोन-चार दिवस," तो म्हणाला. "पहिल्या सणाचा मुराळी हाय मी. सोयरे त्याला लवकर सोडत न्हाईत, लई आग्रह करतेत."